समास

पहिलीत शिवलीला दोडमणीनं नदी काढली
ती हिरवी.
हिरव्यात जांभळे ठिपके,
आणि मधोमध एक बगळा पाण्यावरून चाललेला,
कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाल्यासारखा.

मी म्हटलं, अगं, नदी निळी असते.
तिनं विचारलं नाही, कुठली.
खडू बदलला.
बगळ्यावरूनही निळा फिरवला, दाबून.
तो आता तसाही बुडालाच असता.

माझं वय तेव्हा बावन्न.
बोपोडीच्या पुलावरून रोजचं जाणंयेणं,
खाली मुळा, फेब्रुवारी लागला की जलपर्णीनं गच्च,
तिच्यावर बगळे उभे राहतात, चालतात, भांडतात,
आणि मी म्हणाले निळी.
पुस्तकात तशी होती. पान नऊ.

परीक्षेपर्यंत बेचाळीस नद्या निळ्या झाल्या.
दोन डोंगर, मधून सूर्य, कौलारू घर, एक नारळ.
बोपोडीत कौलं कुठली आणि नारळ कुठला?
हे चित्र कुणी शिकवत नाही.
गोवरासारखं येतं,
एकाच्या अंगावर उठलं की सगळ्या बाकांवर.

खोटं कशाला सांगू, शाळेनं नुसतं घेतलं नाही.
तिसरीत तिनंच आईच्या रेशनकार्डावरची चूक धरली.
दोडमनी नाही, दोडमणी.
दुकानदाराला काउंटरच्या धुळीत
बोटानं ण काढून दाखवला.
आई मला सांगायला आली होती
दोन घरची भांडी बुडवून.
तो ण माझा.
बगळाही माझाच.
ही वजाबाकी मला जमत नाही,
आणि गणित मी शिकवते.

चौथीत एका शनिवारी कोरे कागद वाटले.
म्हटलं, काहीही काढा.
वर्ग असा गप्प झाला
की मैदानातला गळका नळ ऐकू आला.
मग एक हात वर, किती मार्कांचं?
दुसरा, फळ्यावर काढून द्या ना.
शिवलीलाचा सगळ्यात शेवटी,
बाई, समास किती सोडायचा?

म्हटलं, सोडूच नको.
तिला वाटलं, मी रागावले.
पट्टी काढून तिनं दोन बोटं समास आखला,
इतका सरळ की मला माझंच लहानपण दिसलं.
आणि उरलेल्या कागदाकडे बघत बसली,
परक्या घरी सतरंजीच्या कडेला बसतात तशी.

संध्याकाळी तिच्या वह्या चाळल्या.
कुठेतरी समासात, एखाद्या कोपऱ्यात,
असेल तो अजून, म्हणून.
समास स्वच्छ होते.
होतं ते माझंच लाल 'छान',
पानोपान छान, छान,
एक तर इतक्या घाईत लिहिलेलं
की लांबून चोच वाटली.

काल पुलावर भेटली, हातात आईचा डबा.
मी कठड्याला टेकून खाली बघत होते,
मागे पीएमपीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
काय बघताय, बाई?
नदी.
तीही वाकली. बराच वेळ.
खाली एक बगळा एक पाय उचलून उभा होता,
टाकावा की नाही या विचारात.
तिचे ओठ हलले थोडे,
मी श्वास धरला.

मशीन येणारे, बाई, महापालिकेचं, ती म्हणाली.
हे सगळं काढून टाकणारेत.
मग बरोबर होईल.